चित्तेवाले पारधी आणि आपलं माळरान

कारंजा लाडजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं. तिथली काळविटं ताशी ऐंशीच्या आसपास पळू शकतात. आता बिबट्या दबा धरून झडप घालतो. मग एवढं पळायची गरज कुणामुळे पडली? अभ्यासक बोट दाखवतात ते चित्त्याकडे.

चित्ता मार्जार कुळातलाच, पण वाघ-बिबट्याचा जवळचा भाऊ नाही. नात्यानं तो अमेरिकेतल्या प्यूमाला जवळचा. डरकाळी नाही, चक्क मांजरासारखा गुरगुरतो. म्हणूनच की काय, माणसाळायचाही.

१९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला. तेव्हा वऱ्हाडही, म्हणजे आपलं वाशिमही, त्याच कारभारात होतं. त्यात पारध्यांचे प्रकार दिलेत: फासे लावणारे फासेपारधी, जात्याला टाके घालणारे टाकणकार, आणि चित्तेवाले. पाळीव चित्ता घेऊन शिकार करणारे!

चित्ता पकडायची रीत भारी होती. चित्ते ठरावीक झाडाशी येऊन नखं घासतात. त्या झाडाभोवती हरणाच्या स्नायूंचे फास लावायचे. पकडायचा तो मोठाच, कारण शिकार त्याला आईनं आधीच शिकवलेली असते. मग खाटेला बांधून ठेवायचा आणि जवळ बसवायची बायका-पोरं, दिवसभर गप्पा मारायला. माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून! पुढं डोळे झाकून बैलगाडीतून माळावर. बैलगाडीला काळवीट बुजत नाही, हे त्यातलं गुपित.

गोची एकच होती. त्या काळी पिंजऱ्यात चित्ता सहसा वीत नसे. जहांगीराच्या काळात एकदा पिल्लं झाली, तर त्याची खास नोंद झाली. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून उचललेला. पुढं रानं सरली, बंदुका आल्या. कोल्हापूरच्या दरबाराला तर शेवटी आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले.

आणि ती विद्या असलेली माणसं? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांवर तो शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, त्याच वर्षी चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर झालं. शिक्का मात्र लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही, हे तुम्हीही गावात पाहिलं असेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली. ते बरोबरच होतं, पण पारध्याच्या पोटाचं काय, हे कुणी विचारलं?

थोडंफार काम आपल्याच भागात झालंय. कारंज्याची 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांसोबत गवताळ माळ राखायचं काम करते. पाखरू कुठं अंडी घालतं, हरीण कुठून जातं, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तेच राखणदार.

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले. सोहोळला काही चित्ता यायचा नाही, अठरा चौरस किलोमीटरात त्याचं भागणारच नाही. काळवीट मात्र अजून तसंच पळतंय.