न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक

मोबाईलवर तीस-चाळीस हजार उडवताना आपला हात थरथरत नाही. पण भाजी चिरायची सुरी घ्यायची म्हटलं की शंभर रुपयांच्या वर जायला जीव होत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सगळ्या स्टीलच्याच तर असतात!" मंडळी, या 'स्टील'ची गोष्ट ऐका, मग ठरवा.

इंग्लंडमधलं शेफील्ड हे सुऱ्यांचं गाव. चौसरने चौदाव्या शतकातच तिथल्या चाकूचा उल्लेख केलाय. १६२४ साली तिथल्या सुरीकारांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. त्यांच्या सुऱ्या साध्या कार्बन पोलादाच्या. धार अप्रतिम, पण लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की पातं काळं आणि ओलं राहिलं की गंज. आजीच्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की काय व्हायचं, तेच! म्हणून श्रीमंत घरांत फळांसाठी चांदीच्या सुऱ्या असत, आणि बाकीच्या सुऱ्या नोकर रोज घासत बसत. त्यासाठी खास यंत्रंसुद्धा निघाली होती.

याच गावात १८७१ साली हॅरी ब्रिअर्लीचा जन्म झाला. वडील पोलादाच्या भट्टीवर कामाला, आणि हा बाराव्या वर्षीच शाळा सोडून कामाला लागलेला. पुढे शिकत शिकत ब्राऊन-फर्थ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९१२ मध्ये त्याच्याकडे काम आलं : बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात, उपाय शोधा. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधी नमुन्यावर आम्ल लावतात, तर याच्यावर आम्लाचा परिणामच होईना! क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. म्हणजे रिक्वायरमेंट बंदुकीची, प्रॉडक्ट निघालं स्वयंपाकघराचं.

ब्रिअर्लीच्या ते लगेच लक्षात आलं, पण गावातल्या सुरीकारांनी त्याला वेड्यात काढलं. पोलाद घडवायला चिवट आणि धार काही धरेना. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' अशी त्याची टिंगल झाली. खरी भानगड होती पाणी देण्यात. साधं पोलाद ८०० अंशांच्या आसपास तापवून विझवतात, याला मात्र हजाराच्या आसपास उष्णता लागते. शेवटी मोझली कंपनीचा मॅनेजर अर्नेस्ट स्टुअर्ट याने चिकाटीने सुऱ्या बनवून घेतल्या. व्हिनेगरने डाग पडत नाही हे पाहून 'स्टेनलेस' हे नावही त्यानेच सुचवलं.

आता आपल्या ठरलेल्या उत्तराकडे येऊ. आपली ताटं-वाट्याही स्टेनलेसच्याच असतात, त्यांनी कांदा चिरता येतो का? न गंजणं हे क्रोमियमचं काम. कापणं हे कार्बनचं, पाणी देणाऱ्याचं आणि धार लावणाऱ्याचं. आज चांगल्या जर्मन सुऱ्यांत सर्रास वापरलं जाणारं पोलाद घ्या : क्रोमियम साधारण १५ टक्के, कार्बन ०.५ टक्के, म्हणजे ब्रिअर्लीच्या दुप्पट. कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८. चांगल्या सुरीला आपण पैसे मोजतो ते यासाठी. शंभरच्या सुरीत चकाकी पूर्ण मिळते, बाकीच्या गोष्टींत काटकसर होते. आणि बोथट सुरी जास्त दाबावी लागते, मग टोमॅटोवरून सटकते आणि बोटात शिरते.

तेव्हा सहा सुऱ्यांचा सेट नको. एकच चांगली सुरी घ्या आणि सोबत धारेचा दगड. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर ठेवून नुसती ओढा. दाब न देता आत गेली, तर पैसे वसूल.