गिळलेली टाचणी आणि आंत्रपुच्छ

बोराची बी गिळली तर 'अपेंडिक्स' होते, ही भीती आम्ही अकोटला लहानपणी ऐकली होती. आजही विद्यार्थी तोच प्रश्न विचारतात. तेव्हा आम्ही त्यांना लंडनच्या एका मुलाची हकीकत सांगतो.

हॅन्व्हिल अँडरसन हा ११ वर्षांचा मुलगा. लहानपणापासून त्याला जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता आणि मांडीजवळच्या जखमेतून विष्ठा झिरपत असे. १७३५ साली सेंट जॉर्जेस रुग्णालयात शल्यविशारद क्लॉडियस एमयांड यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. अंतर्गळाच्या पिशवीत त्यांना चक्क आंत्रपुच्छ आढळले. मुलाने पूर्वी गिळलेल्या टाचणीने त्याला भोक पडले होते. टाचणीवर खड्यासारखे कवचही चढले होते. एमयांड यांनी आंत्रपुच्छ कापून काढले. हे काम सुमारे अर्धा तास चालले, तेही भूल न देता! मुलगा बरा झाला. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली ज्ञात नोंद होय.

पण रोग समजला का? नाही. उजव्या बाजूच्या पोटदुखीचा दोष डॉक्टर पुढेही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला देत राहिले. १८८६ मध्ये अमेरिकेतील रेजिनल्ड फिट्झ यांनी अनेक रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले, की मूळ आंत्रपुच्छातच असते. रोगाला आजचे नाव त्यांनीच दिले आणि वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. तोवर भूल आणि जंतुनाशके हाताशी आली होती. एका टाचणीपासून रोगाच्या नियमापर्यंत पोहोचायला दीडशे वर्षे लागली.

बहुतेक रुग्णांच्या आंत्रपुच्छात टाचणीही नसते आणि बीही नसते. विष्ठेच्या कठीण खड्याने किंवा आतल्या पेशीसमूहांच्या सुजेने त्याचे अरुंद तोंड बंद होते. आत स्राव साठतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो, जंतू वाढतात आणि शेवटी ते फुटू शकते. गिळलेली बी बहुधा शौचावाटे निघून जाते. अणकुचीदार वस्तू गिळली असेल, तर मात्र दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवावे.

वर्गातल्या मुलाचे पोट बेंबीभोवती दुखू लागले, मग दुखणे उजवीकडे खाली सरकले, मळमळ वा ताप आला, तर एरंडेल देऊन वाट पाहू नये. जुलाबाने आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अँडरसनला जे नशिबाने मिळाले, ते आज ज्ञानाने मिळू शकते.