राइट आऊट : परळ ते कूपरेज

स्मरणिकेसाठी कबड्डी आणि क्रिकेट या दोन खेळांवर लेख येणार हे ठरल्यावर मी फुटबॉलवर लिहितो म्हटले. संपादक मंडळातल्या एका मित्राने लगेच विचारले, "आपल्या भागात फुटबॉल खेळत होते कोण?" खेळत होते. गिरणगावातली पोरे परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर खेळत होती, शाळांच्या स्पर्धांसाठी आझाद मैदानावर जात होती आणि त्यांतली काही पुढे कंपन्यांच्या संघांतून पोटापाण्यालाही लागली.

मी लिहिणार आहे ते विंगरबद्दल. आमच्या वेळी त्याला 'राइट आऊट' किंवा 'लेफ्ट आऊट' म्हणत. जुन्या पद्धतीत पुढे पाच जण असत. त्यांतले दोघे अगदी कडेला, रेषेला चिकटून. पाठीवर ७ किंवा ११ नंबर. काम एकच : कडेने बॅकला चुकवून पळायचे आणि चेंडू मध्ये टाकायचा. गोल दुसऱ्याने करायचा.

या जागेसाठी रुंद मैदान लागते. चाळीच्या गल्लीत पोरगा ड्रिब्लिंग शिकतो, भिंतीवर चेंडू आपटून पुढे निघायला शिकतो. पण विंगर काही तिथे घडत नाही. समोर मोकळी जागा असल्याशिवाय कडेने पळायचे कुठे? म्हणून मैदानाला फार महत्त्व होते. दुसरी गरज नोकरीची.

मुंबईचा फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि कितीतरी वर्षे तो लष्करी पलटणींचाच राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकून ती मक्तेदारी मोडली. पुढे हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग हे संघ त्यासाठी मुंबईत येत. करी रोडला लोकल पकडून व्ही.टी.ला उतरायचे आणि चालत कूपरेज गाठायचे, हा आमच्यातल्या काहींचा ठरलेला कार्यक्रम असे.

स्थानिक फुटबॉल मात्र कंपन्यांच्या जिवावर चाले. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, दोन्ही रेल्वे, बँका. खेळाडू कंपनीच्या मस्टरवर असे. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, मॅचच्या दिवशी सुट्टी. पगार साधाच, पण गुडघा गेला, वय झाले, तरी टेबल-खुर्ची शाबूत राही. 'व्यावसायिक फुटबॉलपटू' हा शब्द कोणी वापरत नव्हते. 'नोकरीला लागला' एवढेच म्हणत आणि घरच्यांना तेवढे पुरे होते.

याच व्यवस्थेतून मोठी नावे आली. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले. त्यात मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांची हॅटट्रिक होती. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला. त्या संघात उजव्या कडेला पी. के. बॅनर्जी होते. हॅटट्रिक पुस्तकात नोंदली जाते; कडेने किती वेळा पळून चेंडू आत टाकला, याची वही कोणी ठेवत नाही.

आमच्या १९७७ च्या तुकडीत असा एक लेफ्ट आऊट होता. नाव लिहू नको असे त्याने बजावले आहे. लालबागच्या चाळीतला, डावखुरा. शाळेचा संघ आझाद मैदानावर खेळला तेव्हा एका गिरणीच्या माणसाने त्याला हेरले. बदली कामगार म्हणून तो लागला आणि संध्याकाळी गिरणीच्या संघातून खेळू लागला. दोन-तीन हंगाम बरे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांच्या घरांचे काय झाले हे आपल्याला माहीत आहे, बहुतेकांच्या घरातच ते घडले. संघाचे काय झाले हे मात्र कोणी विचारले नाही, विचारण्याची ती वेळही नव्हती. तो वर्षभर कोकणात गावी राहिला. परत आला तेव्हा संघ उरला नव्हता आणि दुसरीकडे निवड चाचणी द्यायला अंगात सराव नव्हता. पुढे एका छापखान्यात नोकरी करून निवृत्त झाला. आपण किती गोल केले हे त्याला सांगता येत नाही. कोणाला कुठून पास दिला, ते मात्र अजून सांगतो.

कंपन्यांच्या संघांचा शेवटचा मोठा बहर महिंद्रने दाखवला. १९६२ साली सुरू झालेला हा संघ पुढे महिंद्र युनायटेड झाला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला. महाराष्ट्रात ती प्रथमच आली. याच संघात उजव्या कडेवर स्टीव्हन डायस खेळला. १९८३ चा जन्म, मुंबईचाच मुलगा. त्याचा क्रॉस पाहणे हा कूपरेजवर जाण्याचा खरा फायदा होता. भारताने २००७ व २००९ चा नेहरू कप आणि २००८ चा एएफसी चॅलेंज कप जिंकला, त्या काळातला तो विंगर. चॅलेंज कपमुळे भारत २०११ च्या आशियाई करंडकात उतरला, १९८४ नंतर प्रथमच. दोहाला गेलेल्या त्या संघातही डायस होता.

पण २०१० मध्ये महिंद्रने संघच बंद केला. राष्ट्रीय विजेता होऊन चार वर्षे झाली होती. डायस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला, २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाल्यावर दिल्ली डायनामोजकडून खेळला, नंतर प्रशिक्षक झाला. त्याला वाट सापडली, कारण तो भारताचा खेळाडू होता. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या मुलाचे काय? आयएसएलमध्ये पैसा आहे, करार आहे; पण करार संपल्यावर बसायला खुर्ची नाही. रोव्हर्स कपही या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला.

जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. बदली कामगाराला कायम होण्याची शाश्वती तेव्हाही नव्हती, आणि गिरणी बुडाली तेव्हा संघही तिच्याबरोबर बुडाला. तरी परळच्या मैदानापासून कूपरेजपर्यंत एक पायवाट होती आणि साध्या घरातला मुलगा तिच्यावरून चालू शकत होता. आज त्या वाटेची सुरुवातच अडली आहे. मैदानाचा तास भाड्याने घ्यावा लागतो, आणि जाळीने वेढलेल्या छोट्या टर्फवर पाच-पाच जण खेळतात, तिथे विंगरला जागाच नसते.

म्हणून माजी विद्यार्थी संघाला दोन सूचना. एक, आठवड्यातून एक सकाळ पूर्ण मापाचे मैदान शाळेच्या मुलांसाठी घ्यावे. आपण इतके जण आहोत, खर्च वाटून जड जाणार नाही. दोन, ज्यांच्याकडे शाळेच्या फुटबॉल संघांचे फोटो असतील त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावेत. मागे वर्ष, खेळाडूंची नावे आणि प्रत्येकाची जागा पेन्सिलीने लिहावी. कडेला उभे असलेल्यांची नावे आधी लिहा, तीच आधी विसरली जातात.