कारखान्यातूनच आलेला बिघाड

जुना व्हिडिओ गेम चालेनासा झाला की पहिला आरोप वयावर येतो. चाळीस वर्षांचं यंत्र, धूळ बसली असेल, काहीतरी झिजलं असेल, असं म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत हे खरंही असतं. पण घरगुती व्हिडिओ गेमच्या इतिहासातला सगळ्यांत गाजलेला बिघाड, म्हणजे ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ ऊर्फ एनईएसचा लुकलुकणारा लाल दिवा, हा म्हातारपणाचा आजार नव्हता. यंत्रं बाजारात नवी होती तेव्हाच तो अमेरिकेतल्या घराघरांत पोचला होता. कॅसेट घातली, बटण दाबलं, की पडदा सेकंदाला एकदा उजळायचा आणि विझायचा, दिवाही त्याच तालात मिचमिचायचा, आणि गेम काही सुरू व्हायचा नाही. हा दोष आराखड्याच्या टेबलावर, धंद्याची गणितं मांडताना जन्माला आला, असं माझं म्हणणं आहे. हे मान्य केलं तर गेली साडेतीन दशकं ही यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या कामाकडेही वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. मोडलेलं पूर्ववत करणं एवढंच त्यांचं काम नव्हतं. कारखान्यानं घेतलेला एक निर्णय ते मागे घेत होते.

याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच यंत्राच्या जपानी भावंडात सापडतो. फॅमिकॉम हे यंत्र निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विकायला काढलं. आतला प्रोसेसर रिको कंपनीचा, ६५०२ या त्या काळच्या लोकप्रिय चिपच्या धर्तीवरचा. अमेरिकेत गेलेल्या यंत्रातही पुढे तोच होता. फॅमिकॉमची खाच वरच्या बाजूला होती, कॅसेट सरळ उभी खाली दाबायची, आणि साठ टोकं साठ पिनांना भिडायची. फॅमिकॉम काही निर्दोष नव्हता. पहिल्या खेपेतल्या यंत्रांत चिपच सदोष निघाली, गेम मध्येच गोठायचे, आणि कंपनीला माल परत बोलावून बोर्ड बदलून द्यावे लागले. कंट्रोलरच्या वायरी थेट यंत्रात जोडलेल्या होत्या, त्यामुळे एखादी वायर तुटली तरी अख्खं यंत्र उघडावं लागे. दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीचा विचार इथेही कुणी केला होता असं म्हणवत नाही. पण हे बिघाड साधेसरळ होते. जे मोडलं ते दिसायचं, बदललं की चालायचं. दिव्याची ती लुकलुक जपानी यंत्रात नव्हतीच.

अमेरिकेत परिस्थिती निराळी होती. १९८३ मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कुणीही उठावं आणि कसलाही गेम काढावा, असा प्रकार झाला होता. दुकानदारांकडे न खपलेल्या मालाचे ढीग साचले, आणि अटारी कंपनीनं आपल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या. दोन वर्षांनी, १९८५ च्या अखेरीस, निन्टेन्डो न्यूयॉर्कच्या दुकानांत उतरली तेव्हा ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द ऐकायचीही दुकानदारांची तयारी नव्हती. म्हणून यंत्राचं रूपच पालटलं गेलं. लान्स बार या डिझायनरनं आखलेली ती करडी चौकोनी पेटी व्हीसीआरसारखी दिसत होती. समोरचं झाकण उघडायचं, कॅसेट आडवी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. आत घालताना जोर लागू नये आणि दाबल्यावर पिना घट्ट भिडाव्यात अशी कल्पना होती. प्रत्यक्षात दर वेळी बहात्तर पातळ पिना वाकायच्या आणि पुन्हा वर यायच्या. हळूहळू त्यांचा ताण गेला, पकड सैल झाली. दिसण्यासाठी केलेल्या तडजोडीची किंमत अशी पिनांनी मोजली.

पण नुसत्या सैल पिनांमुळे चित्र फाटलं असतं, अक्षरं विचित्र दिसली असती. दिवा लुकलुकायचं कारण दुसरं होतं. यंत्रात एक छोटी चिप होती, आणि तिची जुळी प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. यंत्र सुरू झाल्यापासून दोघी एकमेकींशी सतत खुणांची देवाणघेवाण करायच्या. खूण जुळली तर ठीक, चुकली की यंत्रातली चिप सेकंदाला एकदा सगळं यंत्र नव्यानं सुरू करायची. निन्टेन्डोची परवानगी न घेता कुणी कॅसेट विकू नये, यासाठी बसवलेलं हे कुलूप. त्यातल्या प्रोग्रॅमला ‘टेन एनईएस’ म्हणत. बहात्तरपैकी चारच पिना या कुलपाच्या वाट्याला होत्या. त्या चारांत जरा कचरा अडकला तर उरलेल्या अडुसष्ट लख्ख असूनही गेम चालायचा नाही. चोर अडवायला ठेवलेल्या वॉचमननं चष्मा धुरकटला म्हणून घरमालकालाच फाटकाबाहेर उभं करावं, त्यातला प्रकार.

यावर एक आक्षेप लगेच येतो: कचरा कुणी घातला? पिना झिजल्या हे तर खरंच ना? खरंच. आणि वयाची दुखणीही आहेत. गेमची प्रगती जपून ठेवणाऱ्या कॅसेटींतला बटन सेल संपतो, आणि तो डाग देऊन बसवलेला असल्यामुळे सोल्डरिंगशिवाय बदलता येत नाही. विद्राव असलेले कॅपॅसिटर सुकतात किंवा गळतात. सेगाच्या ‘गेम गिअर’चा आवाज आणि पडदा याच दुखण्यानं जातो. आग लवकर पकडू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांमुळे पेट्या पिवळ्या पडतात. यातल्या कशाचाही ठपका धंद्याच्या धोरणावर ठेवता येणार नाही. पण झीज आणि बिघाड यांत अंतर असतं, आणि ते किती असावं हे बनवणारा ठरवतो. तीच झीज फॅमिकॉममध्ये मळकं चित्र म्हणून सोसता आली असती. एनईएसमध्ये कुलपानं तिचं रूपांतर ठार बंद पडण्यात केलं.

दुरुस्तीचा इतिहासही याला दुजोरा देतो. मुलांनी आपला उपाय शोधला होता: कॅसेट बाहेर काढा, फुंकर मारा, पुन्हा घाला. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट टोकं गंजण्याची भीती. खरा गुण पुन्हा घालण्याचा, कारण त्यानं पिना नव्यानं भिडायच्या. निन्टेन्डोनं साफसफाईचा संच विकायला काढला आणि कॅसेटच्या पाठीवर अल्कोहोल, थिनर वगैरे लावू नका अशी ताकीद छापली. आज या यंत्रांवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक कारागीर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलच लावतो. कॅसेटींचे सुरुवातीचे साधे स्क्रू जाऊन त्यांच्या जागी विशिष्ट हत्यारानंच उघडतील असे स्क्रू आले. पिनांची पट्टी काढून उकळत्या पाण्यात घालणं, एकेक पीन सुईनं उचलणं, नवी पट्टी बसवणं, हे सगळे उपाय झाले. बाहेरच्या उत्पादकांच्या काही पट्ट्यांची पकड तर इतकी आवळ की कॅसेट ओढून काढावी लागते. आणि एक उपाय सर्वांत धाडसी, सर्वांत स्वस्त: यंत्रातल्या कुलूप-चिपची चौथी पीन कापायची. ही पीन त्या चिपला सांगते की तू कुलूप आहेस. ती तोडून ग्राउंडला जोडली की चिप स्वतःला किल्ली समजू लागते आणि यंत्र अडवायचं सोडून देते. पिना झिजलेल्याच राहतात, चित्र कधीमधी फाटतं, पण लुकलुक थांबते. नवा भाग एकही लागत नाही. जो दोष काहीही न बदलता, फक्त काहीतरी तोडून जातो, तो झिजेचा कसा म्हणायचा?

आता खरा वजनदार आक्षेप. कुलूप नसतं तर १९८३ ची पुनरावृत्ती झाली असती, धंदाच बुडाला असता, मग दुरुस्तीचा प्रश्नच उरला नसता. या म्हणण्यात तथ्य आहे. निन्टेन्डो कॅसेटी स्वतःच बनवून द्यायची, एका कंपनीला वर्षाला पाचच गेम काढू द्यायची, आणि या शिस्तीनं दुकानदारांचा विश्वास परत आला हे नाकारता येत नाही. पण जपानमध्ये फॅमिकॉमला अशी चिप नव्हती आणि तिथला बाजार कोसळला नाही. शिवाय निर्ढावलेल्यांना कुलूप अडवू शकलं नाही. अटारी गेम्स कंपनीनं न्यायालयीन कामासाठी हवा असल्याची खोटी सबब सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतून या प्रोग्रॅमची प्रत मिळवली आणि आपली किल्ली बनवली. १९९२ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयानं निकाल अटारी गेम्सच्या विरोधात दिला. मात्र प्रोग्रॅममागची कल्पना समजून घेण्यासाठी तो उलगडून पाहणं हे एरवी वाजवी ठरू शकतं, असंही त्याच निकालात म्हटलं. म्हणजे पैसेवाल्यांची लढाई न्यायालयात झाली, आणि रोजचा भुर्दंड ज्याचा या भांडणाशी संबंध नाही त्या ग्राहकाला पडला. यावर निन्टेन्डोनं स्वतःच शिक्कामोर्तब केलं: १९९३ मध्ये आलेल्या ४९.९९ डॉलरच्या सुधारित यंत्रात खाच पुन्हा वर गेली आणि कुलूप-चिप गायब झाली.

कुलूप नसलं की दुरुस्ती सोपी, असा सरधोपट निष्कर्ष मात्र काढता येत नाही, आणि ते समजायला आपल्याकडचं उदाहरण पुरेसं आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात अनेकांच्या घरी आलेला ‘टीव्ही गेम’ हा फॅमिकॉमची नक्कल होता. रशियात अशीच नक्कल ‘डेंडी’ नावानं खपली. साठ पिना, वरून खाच, कुलूप नाही. सुरुवातीच्या नकलांत तैवानच्या यूएमसी कंपनीचे वेगवेगळे आयसी असत, आणि पाच व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी कुठेही मिळणारा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस मल्टिमीटर लावून असं यंत्र उठवू शकत होता. पुढे अख्खं यंत्र एका चिपमध्ये मावलं, तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा गोळा ओतला गेला, आणि त्या गोळ्याखाली काही गेलं तर कुठलाही कारागीर हात टेकतो. इथे कुणी कुणाला अडवायचं ठरवलं नव्हतं, फक्त स्वस्त करायचं ठरवलं होतं. परिणाम कुलपाहून वाईट: कुलपाची पीन निदान कापता तरी येते.

संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, चालतात, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. गेम खेळायचा एवढंच असेल तर उत्तर नाही. पण पडद्यावर नेम धरायची एनईएसची बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते, आणि ते यंत्र कसं होतं हे यंत्र चालू असेल तरच तपासता येतं. निन्टेन्डोनं फॅमिकॉमचं उत्पादन २००३ मध्ये थांबवलं. ३१ ऑक्टोबर २००७ नंतर सुटे भाग मिळत नाहीत म्हणून अधिकृत दुरुस्तीही बंद केली. तेव्हापासून हे काम बाहेरच्या लोकांच्याच हाती आहे, आणि नव्या यंत्रांच्या बाबतीत त्यांचे हात कायद्यानं आखडलेले आहेत. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले आणि दोन्हींतून गेम कन्सोल वगळले. दुरुस्तीच्या हक्काविरुद्ध उद्योगाची तक्रार तीच जुनी, कुलूप निघालं तर चोरी होईल. २०२१ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कचेरीनं दुरुस्तीसाठी कुलूप ओलांडायची थोडी मुभा दिली, पण कन्सोलपुरती ती डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीला किंवा बदलीलाच लागू आहे, आणि त्यातही एक अट घातलेली आहे: काम संपलं की दुरुस्ती करणाऱ्यानं कुलूप पुन्हा होतं तसं लावून ठेवायचं.