आधी दुरुस्ती, मग कारागिरी : मिरजेच्या सतारीची गोष्ट

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे, पण सुरुवात आपल्या गटाच्या एका बैठकीपासून करते.

2019 च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी अंगावर घेतला. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गाळातून भांडी, ट्रंका, गाद्या निघाल्या आणि त्यांच्या सासूबाईंची सतारही निघाली. भोपळा तडकलेला, वरची लाकडी तबली एका बाजूने उचकटलेली, तारा गंजलेल्या, पडदे सुटलेले. सासूबाई शिक्षिका होत्या आणि लग्नाआधी मिरजेत सतार शिकल्या होत्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ताईंनी ती सतार टाकली नाही. वाळवून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली.

पुढे एकदा जुन्या वस्तू विकत घेणारा एक जण दारात आला. लाकूड-तारांत त्याला गोडी नव्हती. सतारीवरची पांढरी नक्षी तो नखाने खरवडून बघत होता. ताईंना शंका आली आणि त्यांनी सतार परत आत ठेवली. पुढच्या बैठकीत त्यांनी गटाकडे कर्ज मागितलं. कारण सांगितलं, सतार दुरुस्ती.

बैठकीत एकदम गलका झाला. शेळीसाठी कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, दवाखान्याला देतो. सतारीला कसं द्यायचं? मोडकी वस्तू दुरुस्त करून मिळणार काय? निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. त्या महिन्याभरात मी मिरजेच्या सतारीची जी माहिती गोळा केली, तीच आज सांगते.

मिरजेत सतारमेकर आडनावाची घरं आहेत. वाद्यं करणं हाच त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. पण हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारींना धार लावणारे आणि त्यांची डागडुजी करणारे. मिरजेला किल्ला होता, पटवर्धनांचं संस्थान होतं, त्यामुळे शस्त्रांचं काम भरपूर. इंग्रजांचा अंमल बसला तशा लढाया थांबल्या आणि तलवारी भिंतीवर टांगल्या गेल्या. ज्यांचं पोट धार लावण्यावर, त्यांनी करायचं काय?

दुसरीकडे संस्थानिकांना गाण्याची हौस होती. उत्तरेकडचे गवई, वादक मिरजेला यायचे. लांबचा प्रवास, बदलणारी हवा, यात वाद्यं मोडायची आणि दुरुस्त करणारं इकडे कोणी नव्हतं. मिरजेत असं सांगतात की, दरबारातून हे काम फरीदसाहेब नावाच्या हुशार शिकलगाराकडे आलं. त्यांनी मोडकं वाद्य उघडलं, आतून नीट पाहिलं आणि जोडलं. एक जमलं, दुसरं जमलं. मग त्यांनी आणि त्यांच्या भावाने स्वतः वाद्यं करायला घेतली. हा काळ साधारण 1850 च्या आसपासचा मानतात.

म्हणजे मैत्रिणींनो, ज्या कलेमुळे मिरजेचं नाव देशभर झालं, ती दुरुस्तीतून जन्मली. मोडलेली वस्तू उघडल्याशिवाय ती कशी केली आहे हे कळत नाही. आपल्यातली जी बाई फाटलेला ब्लाऊज उसवून पुन्हा शिवते, तिला कापड बेतणं लवकर येतं, तसंच हे.

आता सतार असते कशी ते बघू. खालचा गोल भाग हा भोपळा. खाण्याचा नव्हे, जाड सालीचा, कडू. पूर्वी नदीत पोहताना कमरेला सुका भोपळा बांधत, ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. त्याच जातीचा. हे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून मिरजेला येतात. वेलावर पूर्ण पिकू देतात, मग वाळवतात. कारागीर तो कापतात, पाण्यात भिजवून आतला गर काढतात, आतून काठ्यांचा आधार देऊन आकार धरायला लावतात आणि पुन्हा वाळवतात. भोपळ्याला लाकडी दांडी जोडतात. भोपळ्याचं तोंड पातळ लाकडाच्या तबलीने बंद करतात. तबलीवर घोडी बसते आणि घोडीवरून तारा जातात. वाजवायच्या सहा-सात, आणि पडद्यांच्या खालून जाणाऱ्या तरफेच्या अकरा ते तेरा. तरफेच्या तारा बहुतेक वेळ बोटाने छेडत नाहीत. वरची तार बोलली की त्या आपोआप झणकारतात.

या सगळ्या तारांचा ओढा दांडीवर आणि तबलीवर रात्रंदिवस असतो. त्यामुळे सतार न वाजवताही बिघडते. दांडी वाकते, तबली खचते, दांडी आणि भोपळा यांचा जोड उघडतो. भोपळा उंदीर कुरतडतात, लाकडाला कीड लागते. पुराचं पाणी तर सगळ्यात वाईट. जुन्या वाद्यांचे जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस पाण्यात सुटतो.

दुरुस्ती करणारा आधी तारा उतरवतो. मग पडदे, खुंट्या, घोडी असं सगळं सुटं करतो. भिजलेलं वाद्य उन्हात कधीच ठेवत नाहीत, सावलीत हळूहळू वाळवतात. उन्हात घाईने वाळवलं तर लाकूड पिळवटतं आणि भेग आणखी पळते. भोपळ्याचे तुकडे पडले असतील तर एकेक तुकडा जपायचा. आकाराचा दुसरा तुकडा सापडत नाही, कारण कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. तुकडे जुळवून चिकटवतात, आतून कापडाच्या पट्ट्या लावून बळकटी देतात, बारीक फटी लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवतात. वरून रंग आणि लाखेचं पॉलिश. सांधा बाहेरून दिसत नाही, आत हात घातला तर लागतो.

सगळ्यात अवघड काम शेवटी येतं. त्याला जवारी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर हलकी घासत थरथरते आणि म्हणून सतारीचा आवाज तो तसा गुंजणारा येतो. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज बसका होतो. मग कारागीर कानस आणि पॉलिशकागद घेऊन तो उतार पुन्हा काढतो. जरासं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. इथे मापाची पट्टी चालत नाही, कान चालतो. शिकलगारांचा हात धार काढण्यात तयार झालेला होता. केसाएवढं घासायचं आणि थांबायचं, ही सवय त्यांना इथे कामी आली असणार, असं मला वाटतं.

या कारागिरांना मिरजेत गिऱ्हाईकही तसंच तोलामोलाचं मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेतच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. त्यांच्या आठवणीत उरुसाला तिथे अजून गाणं होतं. तानपुऱ्याच्या सुराबाबत ते फार काटेकोर होते आणि वाद्याची दुरुस्ती ते स्वतःही करत, असं सांगतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले तेही मिरजेतच. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि दरबारातलं गाणं शाळेच्या वर्गात आलं. साध्या घरांतली मुलं शिकू लागली तशी वाद्यांची गरज वाढली. मिरज रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे इथली सतार, इथला तानपुरा लांब लांब पोचला.

आता बायकांचं बोलते. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर 1905 मध्ये मिरजेत जन्मल्या. घरंदाज बायकांनी चारचौघांत गाणं लोकांना पटत नव्हतं, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. त्यांच्यासारख्या बायकांनी वाट केली म्हणून पुढे शाळामास्तरांच्या, कारकुनांच्या मुली पेटी, सतार शिकू शकल्या. आमच्या ताईंच्या सासूबाई त्यातल्याच एक. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. त्या शिकल्या होत्या याची खूण म्हणून घरात उरली होती ती एवढी सतारच. सतारीच्या दांडीवर डाव्या बाजूला पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय, ते त्यांच्या अंगठ्याने. ताईंनी हे बैठकीत दाखवलं, तेव्हा गलका करणाऱ्या बायका जरा गप्प झाल्या.

त्या पांढऱ्या नक्षीचंही सांगते. पूर्वी भारी वाद्यांवर हस्तिदंताचं काम होत असे, घोडीला सांबरशिंग वापरत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या सुधारणा यांनी हा व्यापार बंद केला. आता नक्षी प्लास्टिकसारख्या पत्र्याची असते आणि घोडी हाडाची, लाकडाची किंवा कृत्रिम पदार्थाची. ताईंच्या सतारीवरची नक्षी शेवटी साधीच निघाली. पण कुणाच्या घरी खरा हस्तिदंत असला, तर त्याची विक्री गुन्हा आहे हे लक्षात ठेवा. दारावर येऊन गोड बोलणाऱ्याला भुलू नका.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सांगलीच्या हळदीला, सोलापूरच्या चादरीला आहे तेच. त्याचा अर्थ असा की, दुसरीकडे केलेलं वाद्य कोणी मिरजेचं म्हणून विकू शकत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मानांकन नावाला राखण देतं, हाताला मजुरी देत नाही. सतार नवी करायला आठवडेच्या आठवडे जातात, आणि जुनी दुरुस्त करायला कधी कधी त्याहून जास्त डोकं लागतं. तरी दुरुस्तीचे पैसे मागितले की लोकांना जड वाटतात. एवढ्यात नवीनच येईल की, असं म्हणतात. हे आपण गोधडी शिवणाऱ्या बाईलाही म्हणतो आणि चप्पल सांधणाऱ्यालाही म्हणतो. मग घरातली मुलं हा धंदा कशाला शिकतील?

पुढच्या महिन्यात गटाने कर्ज दिलं. रक्कम एका शेळीच्या किमतीएवढी. अट एकच, हप्ता चुकवायचा नाही. ताईंनी दूध घालून तो फेडला.

सतार परत आली तेव्हा ती आधीसारखी झाली होती, असं मी म्हणणार नाही. कारागिरांनी आधीच सांगितलं होतं की पाणी फार खोल गेलंय, तबलीचा एक भाग बदलावा लागेल, आवाज थोडा वेगळा येईल. आला. पण आला. ताईंची नात आता आठवड्यातून एकदा तालुक्याला शिकायला जाते. अजून तिला सरगमच येते, आणि घरातले कंटाळतात!

त्या दिवशी सर्वात जास्त विरोध करणाऱ्या मावशी मला नंतर भेटल्या. म्हणाल्या, "बाई, आमच्या माळ्यावर भजनी मंडळाचा तानपुरा पडलाय. वीस वर्षं कुणी बघितला नाही."

तर मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर बघा. जुनं वाद्य सापडलं तर आधी तारा सैल करा. ओलं असेल तर सावलीत वाळवा. निघालेला तुकडा, खुंटी, पडदा, काहीही फेकू नका, सगळं एका फडक्यात बांधून वाद्याबरोबर ठेवा. खिळे ठोकू नका, सिमेंट-मेणाने भेग बुजवू नका. आणि जाणत्या कारागिराला दाखवा. तो किती पैसे मागतो याच्या आधी, त्यात काय काय काम आहे हे त्याला विचारा. तो सांगेल ते नीट ऐकलंत, तर पैसे जड वाटणार नाहीत.

येते. नमस्कार.