नव्या घराची किंमत

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर ही सहसा तयार विकत घेण्याची वस्तु नव्हती. घरधनी स्वतः जागा पाही, गवंडी-सुतारांना कामाला लावी, चुना कसा मळला जात आहे आणि तुळईला कोणतें लाकूड घातलें आहे, हें रोज उभें राहून पाही. त्यांत मनस्ताप पुष्कळ असे, म्हणून तर ही म्हण निघाली. परंतु भिंतीच्या पोटांत काय आहे, हें त्याला ठाऊक असे. दुसऱ्यानें विक्रीसाठीं बांधलेलें कोरें घर पैसे मोजून घेण्याची रीत शहराची आहे, आणि ती मध्यमवर्गाच्या अंगवळणी कशी पडली, हें मुंबईच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

नव्या घराची ओढ मुंबईला प्रथम लागली ती हौसेनें नव्हे, तर भीतीनें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला, आणि पाहतां पाहतां शहर ओस पडूं लागलें. अंधाऱ्या, ओलसर खोल्या आणि एकमेकींस चिकटलेल्या चाळी यांवर सर्वांची दृष्टि गेली. १८९८ सालीं ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्यानें दाट वस्तींतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे आंखीव वसाहती पाडल्या. दोन इमारतींमध्यें मोकळी जागा, खोलींत उजेड आणि वारा, स्वतंत्र नळ व शौचकूप हीं नव्या घराचीं लक्षणें ठरलीं. नवें म्हणजे निरोगी, ही समजूत तेव्हांपासूनची आहे, आणि ती निराधार नव्हती.

परंतु असें घर बांधणें एकट्या नोकरदाराच्या आवांक्याबाहेरचें होतें. त्यावर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें एक तोड निघाली. १९१५ सालीं गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहसंस्थेची नोंदणी झाली. सभासदांनीं मिळून जमीन मिळवावी, मिळून इमारत उभारावी आणि संस्थेचे भाडेकरू म्हणून तींत राहावें, अशी ही योजना होती. येथें घर नवें होतें, आणि बांधणारे व राहणारे यांचा हितसंबंधही एकच होता. म्हणीच्या काळांतील घरधन्याची नजर येथें समाईक झाली होती.

नवेपणा एवढ्यानेंच भागत नाहीं, हा धडा लौकरच मिळाला. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारनें विकास खातें काढून कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाइल रोड येथें सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. पण खोल्या झाल्या सुमारें सोळा हजार, आणि त्यांतल्याही पुष्कळ कित्येक वर्षें रिकाम्या राहिल्या. इमारती नव्या आणि भक्कम होत्या. परंतु भाडें कामगाराला जड होतें, आणि सभोंवतीं बाजार, दिवाबत्ती व जाण्यायेण्याच्या सोयी अपुऱ्या होत्या. घर भिंतींचें असतें तसें तें परिसराचेंही असतें, हें त्या रिकाम्या खोल्यांनीं सिद्ध केलें.

पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें घरांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं जखडून टाकलीं. भाडेकरूला आधार मिळाला. पण भाड्यासाठीं इमारत बांधणें तोट्याचें होत गेलें. मालकानें डागडुजी सोडली, आणि कायद्यानें निषिद्ध असलेली पागडी आडून चालूं लागली. भांडवल वळलें तें विक्रीच्या ‘ओनरशिप’ ब्लॉककडे. पूर्वी भाड्यानें राहणारा कारकून, शिक्षक किंवा डॉक्टर आतां आयुष्याची पुंजी एकाच सौद्यांत ओतूं लागला, आणि तीही पुष्कळदां पाया खणण्यापूर्वी, नुसत्या नकाशाकडे पाहून.

येथें नव्या घराचा खरा धोका उत्पन्न झाला. ज्याच्या नांवें जमीन नाहीं त्यानें ब्लॉक विकणें, ठरल्याहून हलकें सामान वापरणें, वेळेवर ताबा न देणें, अशा तक्रारी वाढल्या. म्हणून १९६३ सालीं महाराष्ट्रानें ओनरशिप फ्लॅटचा कायदा केला. जमिनीचा हक्क आणि मंजूर नकाशे उघड करावेत, लेखी करार करून तो नोंदवावा, गिऱ्हाइकांची संस्था स्थापन करून जमीन तिच्या नांवें करून द्यावी, असे दंडक त्यानें घातले. तरी शेवटचा दंडक पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राहिला. घर हातीं आलें, पण पायाखालची जमीन बिल्डरच्याच नांवें राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठीं २००८ सालीं ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. २०१६ च्या केंद्रीय कायद्यानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. गिऱ्हाइकाच्या पैशापैकीं सत्तर टक्के रक्कम त्याच कामासाठीं स्वतंत्र खात्यांत ठेवावी, किंमत चटईक्षेत्रावर सांगावी, आणि ताब्यानंतर पांच वर्षांत रचनेचा दोष निघाल्यास तो बिल्डरनें स्वखर्चानें दुरुस्त करावा, असा नियम झाला.

मग जुनें घर घेणें शहाणपणाचें, असें म्हणावें काय? जुन्या घराचे गुणदोष उघड असतात. पावसाळ्यांत कोठें गळतें, पाणी किती वेळ येतें, शेजार कसा आहे, हें विचारतां येतें. परंतु दक्षिण मुंबईंतील जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींसाठीं १९६९ सालीं खास कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावें लागलें, आणि त्याच्या कक्षेंत एकोणीस हजारांवर इमारती आल्या, हेंही विसरतां येत नाहीं. जुन्याचा दोष भूतकाळांत सांठलेला असतो. नव्याचा भविष्यकाळांत दडलेला असतो. उजेड, वारा, पाणी आणि पुढील कांहीं वर्षें दुरुस्तीची चिंता नाहीं, हा नव्या घराचा लाभ खराच आहे. पण जमिनीचा उतारा, मंजूर नकाशा, नोंदलेला करार आणि भोगवटा प्रमाणपत्र हीं तपासल्यावांचून तो लाभ पदरांत पडेलच, याची हमी नाहीं.

जुन्या काळचा घरधनी चुन्याच्या घाणीपाशीं उभा राहत असे. आजच्या गिऱ्हाइकाला तसें उभें राहतां येत नाहीं. त्याची ती जागा आतां या कागदांनीं घेतली आहे. वास्तुशांतीचा मुहूर्त काढण्यापूर्वी जो ते कागद शांतपणें वाचतो, तोच आजच्या काळीं घर ‘बांधून पाहतो’.