सामाईक वहीची गोष्ट : प्लेटो ते नोट्स

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतो. निर्वात नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग एकाच चकतीवर हजारो ट्रान्झिस्टर बसू लागले. पण अनेक माणसांना मिळून एक काम करता यावे म्हणून ज्या आज्ञावली लिहिल्या गेल्या, त्यांचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. कचेऱ्यांमध्ये आज अशा सॉफ्टवेअरवाचून पान हलत नाही आणि ते बनवणाऱ्या छोट्या कंपन्या प्रचंड किमतींना विकल्या गेल्या आहेत. शिक्षकांना हा इतिहास जवळचा वाटावा असा आहे, कारण त्याचा एक महत्त्वाचा उगम बाजारात नाही. तो मुलांना शिकवण्यासाठी उभारलेल्या एका संगणकात आहे.

शिकवणारा संगणक

१९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना येथे, डोनाल्ड बिट्झर या विद्युत अभियंत्याने ‘प्लेटो’ हा प्रकल्प सुरू केला. संगणकाने पडद्यावर धडा दाखवावा, विद्यार्थ्याने उत्तर टंकित करावे आणि चूक झाली तर संगणकाने तिथेच सांगावे, ही मूळ कल्पना. आरंभी एका वेळी एकच विद्यार्थी हे यंत्र वापरू शकत असे.

प्रत्येक विद्यार्थ्यापुढे पडदा ठेवायचा, तर तो स्वस्त आणि चित्र टिकवून ठेवणारा हवा. या गरजेतून बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली प्लाझ्मा पडदा शोधून काढला. १९७२ च्या सुमारास चौथी प्लेटो प्रणाली आली. तिचे पडदे नारिंगी प्रकाशाचे होते, त्यांवर ५१२ × ५१२ ठिपक्यांचे चित्र उमटे, आणि पडद्याला बोट लावून उत्तर देण्याची सोयही होती. पुढे एकाच मोठ्या संगणकाला असे सुमारे एक हजार पडदे एकाच वेळी जोडता येऊ लागले. आपल्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच. हजार माणसे एकाच यंत्रापाशी बसली होती, जरी त्यांच्या खोल्या आणि गावे निराळी होती.

वहीत कोणीही खाडाखोड करावी?

नव्या प्रणालीत दोष असणारच. ते कळवण्यासाठी संगणकात एक सामाईक मजकूर ठेवलेला होता. त्यात कोणीही लिहावे, अशी सोय होती. आपल्या शाळेतील सूचना वही डोळ्यांपुढे आणा. ती वर्गावर्गांतून फिरते आणि वाचल्याची खूण म्हणून प्रत्येक जण सही करतो. आता अशी कल्पना करा, की या वहीत सही करण्याची पद्धतच नाही आणि प्रत्येकाच्या हाती खोडरबर आहे. दोष कोणी कळवला, कधी कळवला, त्याला उत्तर कोणी दिले, याचा पत्ता लागणार नाही. कोणी चुकून किंवा मुद्दाम सगळेच पान पुसून टाकले, तर तेही कळणार नाही. प्लेटोवर नेमकी हीच अडचण उभी राहिली.

१९७३ च्या उन्हाळ्यात हे काम डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाकडे सोपवण्यात आले. त्याने ‘नोट्स’ नावाची आज्ञावली लिहिली आणि ७ ऑगस्ट १९७३ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे नियम साधे होते. प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ संगणकच घालणार, म्हणजे ते खोटे लिहिण्याची सोय नाही. एकदा साठवलेल्या टिपणात दुसऱ्या कोणाला ढवळाढवळ करता येणार नाही. आणि टिपणाला आलेली उत्तरे त्याच्याच मागे क्रमाने जोडली जाणार. १९७६ साली त्यात गटांच्या वह्यांची भर पडली. कोणत्या वहीत कोणी वाचावे आणि कोणी लिहावे, हे गटाच्या प्रमुखाला ठरवता येऊ लागले.

या जोड-कामाचे पुढे काय झाले, ते आकडेच सांगतात. १९७८ ते १९८५ या काळात इलिनॉयच्या प्लेटोवर लोकांनी सुमारे एक कोटी तास घालवले. त्यातील सुमारे एक तृतीयांश तास नोट्सवर गेले! यंत्र धडे देण्यासाठी बांधले होते, पण माणसांनी ते एकमेकांना विचारण्यासाठी आणि सांगण्यासाठीही वापरले.

विद्यापीठातून बाजाराकडे

प्लेटो वापरणाऱ्या विद्यार्थ्यांत रे ओझी हा एक होता. १९७९ साली पदवी घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा टेबलावर मावणारे छोटे संगणक नुकतेच येऊ लागले होते. कचेरीतील प्रत्येकाला स्वतःचा संगणक मिळाला, पण हे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. प्लेटोवर सहज असणारी सामाईक वही येथे नव्हती.

ओझी काही काळ लोटस या कंपनीत होता. मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांनी १९८२ साली ती स्थापन केली होती. ध्यानधारणा शिकवलेल्या केपोरने कंपनीचे नाव पद्मासनावरून घेतले, हे आपल्या वाचकांना गमतीचे वाटेल. १९८३ साली आलेल्या ‘१-२-३’ या हिशेबाच्या आज्ञावलीने लोटसला पैसा मिळवून दिला. त्याच पैशाच्या पाठबळावर ओझीने डिसेंबर १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही छोटी कंपनी काढली. त्याचे सोबती टिम हॅल्व्हरसन आणि लेन कॉवेल हेही प्लेटोवरच वाढलेले. आज ज्याला ‘स्टार्टअप’ म्हणतात, तसाच हा उद्योग होता. पाच वर्षांच्या खटपटीनंतर डिसेंबर १९८९ मध्ये ‘लोटस नोट्स’ विक्रीस आले. प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस कंपनीने एकदम दहा हजार प्रतींची मागणी नोंदवली.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

प्लेटोवर वही एकाच मध्यवर्ती संगणकात होती. १९८० च्या दशकातील कंपन्यांच्या कचेऱ्या गावोगावी पसरलेल्या आणि त्यांना जोडणारी दूरध्वनीची तार महाग. मग वही ठेवायची कोठे? आयरिसचे उत्तर असे, की प्रत्येक कचेरीत वहीची पूर्ण प्रत ठेवावी. समजा, एक प्रत मुंबईत आहे व दुसरी नागपुरात. दिवसभर दोन्हीकडचे लोक आपापल्या प्रतीत लिहितात. ठरल्या वेळी दोन्ही संगणक एकमेकांना दूरध्वनी करतात आणि मागच्या भेटीनंतर जे बदलले, तेवढेच एकमेकांना देतात. संभाषण संपते तेव्हा दोन्ही प्रती जुळलेल्या असतात.

पण एकच नोंद दोन्हीकडे निरनिराळी दुरुस्त झाली असेल तर? खरे कोणाचे, हे यंत्राला ठरवता येत नाही. म्हणून नोट्समध्ये दोन्ही नोंदी जपल्या जात आणि ‘येथे मेळ बसत नाही’ अशी खूण केली जाई. निर्णय माणसाचा.

दुसरा प्रश्न सहीचा. मध्यवर्ती संगणक असेल तर लिहिणाऱ्याची ओळख तो पटवतो, पण दूरच्या गावाहून आलेली नोंद खरोखर त्याच माणसाची कशावरून? त्यासाठी नोट्सने रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली मांडलेली सार्वजनिक चावीची पद्धत घेतली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय अवघड, या तत्त्वावर ती उभी आहे. बाजारात विकल्या गेलेल्या आज्ञावलींत ही पद्धत वापरणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी नोट्स ही एक. सातवी-आठवीत अवयव पाडणे शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

यंत्र आले, सहकार्य आले का?

एम.आय.टी.मधील संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स बसवल्यावर काय घडले, हे त्यांनी पाहिले होते. तेथील अनेकांनी नोट्सचा उपयोग सामाईक वही म्हणून केलाच नाही. बढतीसाठी प्रत्येकाची प्रत्येकाशी स्पर्धा होती, मग आपल्याला ठाऊक असलेले इतरांना कशाला सांगायचे? शिवाय प्रत्येक तासाचा हिशेब ग्राहकाच्या खात्यावर लावावा लागे. नवे साधन शिकण्याचा तास कोणाच्या खात्यावर लावणार? वही उत्तम होती, पण लिहिण्यात कोणाचेच हित नव्हते. प्लेटोवर याच्या उलट स्थिती होती. यंत्र सुधारणे ही सर्वांचीच गरज होती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९९४ साली लोटसने आयरिस विकत घेतली. १९९५ साली आय.बी.एम.ने लोटसच सुमारे ३५० कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर वेबचा प्रसार झाला, प्रतिस्पर्धी वाढले आणि नोट्सचे तेज ओसरत गेले. डिसेंबर २०१८ मध्ये नोएडाच्या एच.सी.एल. टेक्नॉलॉजीजने नोट्ससह काही उत्पादने आय.बी.एम.कडून १८० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २०१९ साली हा व्यवहार पूर्ण झाला.

त्याच व्यवहारात ‘युनिका’ हे विपणनाचे सॉफ्टवेअरही भारतीय कंपनीकडे आले. कोणत्या ग्राहकाला कोणता संदेश कधी पाठवायचा, हे त्यातून ठरवतात. हीसुद्धा एक वहीच, पण तिच्यात आणि वूलीच्या वहीत मोठा फरक आहे. वूलीच्या वहीत लिहिणारे आणि वाचणारे एकच होते. विपणनाच्या वहीत नोंदी ग्राहकाच्या असतात, मात्र सहसा तो त्या लिहीत नाही आणि त्याला त्या दिसतही नाहीत. नोंद कोणाची आणि वाचतो कोण, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी शाळेत असतानाच विचारायला शिकले पाहिजे.

करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गात एक कोरी वही आठवडाभर ठेवा. विज्ञानातील न समजलेले प्रश्न त्यात कोणीही पेन्सिलीने लिहावेत, खोडावेत, बदलावेत. नियम काहीच नको. दुसऱ्या आठवड्यात नवी वही ठेवा. आता प्रत्येक नोंदीखाली नाव व तारीख हवी, दुसऱ्याचे खोडायचे नाही, उत्तर खाली जोडायचे. तिसऱ्या आठवड्यात एवढेच बदला, की सर्वांत जास्त प्रश्न सोडवणाऱ्या एकालाच बक्षीस मिळेल. तिन्ही वह्या शेजारी ठेवून मुलांनाच फरक शोधू द्या. कोणत्या वहीत उत्तरे जास्त आली आणि कोणत्या वहीत मुले जपून लिहू लागली, हे त्यांना मोजता येईल, आणि त्याची कारणे सांगताना आयरिसचे अभियंते व ऑर्लिकोव्स्की यांना पडलेले प्रश्न ती स्वतःच विचारू लागतील.